बहुमत आणि एकमत

एखाद्या प्रश्नावर वर्गात दोन मते पडली, की कोणीतरी चटकन म्हणते, "हात वर करा!" हात वर होतात, मोजले जातात, आणि ज्या बाजूला हात अधिक भरतात त्या बाजूचा जयजयकार होतो. पाच मिनिटांत काम उरकते. मीही मुख्याध्यापक म्हणून अनेक वर्षे याच रीतीने वर्गावर्गांतील प्रश्न सोडवीत आलो, आणि तीत काही उणे आहे असे मला कधी वाटले नाही. पुढे एका सहलीने माझे डोळे उघडले. मुलांनो, ती हकीगत प्रथम सांगतो आणि मग माझे म्हणणे तुमच्यापुढे ठेवतो. ते पटते की नाही, हे तुम्हीच ठरवावे.

माझी शाळा एका तालुक्याच्या गावी होती. त्या वर्षी सातवीच्या वर्गात ४३ मुले-मुली होती. सहल समुद्रावर न्यावी की किल्ल्यावर, असा प्रश्न निघाला. मी हात वर करावयास सांगितले. समुद्राच्या बाजूने २६ हात आले, किल्ल्याच्या बाजूने १७. समुद्र ठरला. सहलीच्या दिवशी पहाटे गाडी शाळेपुढे येऊन उभी राहिली. मी हजेरी घेतली, तो १२ मुले आलेलीच नव्हती! त्यांतील नऊ जणांनी किल्ल्याच्या बाजूने हात वर केले होते. त्यांचा रुसवा मला समजला. परंतु उरलेल्या तिघांनी तर समुद्रच मागितला होता. मग ते का आले नाहीत?

सोमवारी मी त्यांपैकी एका मुलाला जवळ बोलावून विचारले. तो बराच वेळ खाली मान घालून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, समुद्र की किल्ला, एवढेच विचारले होते. वर्गणी कोणाला झेपेल, असे कोणी विचारलेच नाही. सगळ्यांनी हात वर केले, म्हणून मीही केला."

त्याच्या उत्तराने मी निरुत्तर झालो. त्या मुलाचा हात मी मोजला होता; त्याचे म्हणणे मात्र ऐकले नव्हते. मोजणी बिनचूक होती. तिच्यात कोणतीही लबाडी नव्हती. तरीसुद्धा जे ठरले ते साऱ्या वर्गाचे झाले नाही. तेव्हापासून, सर्वांना आपला वाटेल असा निर्णय घेण्याची काही रीत असू शकेल काय, याचा मी शोध घेऊ लागलो. वाचता वाचता एका लहानशा पंथाची माहिती माझ्या हाती आली.

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) नावाच्या धर्मोपदेशकाभोवती काही ख्रिस्ती माणसे गोळा झाली. ती स्वतःला 'मित्र' म्हणवीत. लोक मात्र त्यांना थट्टेने 'क्वेकर', म्हणजे थरथर कापणारे, म्हणू लागले, आणि तेच नाव पुढे रूढ झाले. प्रत्येक मनुष्याच्या अंतःकरणात ईश्वराचा प्रकाश असतो, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून त्यांच्या जुन्या पद्धतीच्या प्रार्थनासभेत पुरोहित नसतो आणि प्रवचनही नसते. सर्वजण शांत बसून राहतात. ज्याला आतून काही सांगावेसे वाटेल, तो उभा राहून बोलतो आणि खाली बसतो. पुन्हा शांतता पसरते.

आपल्या दृष्टीने विशेष गोष्ट ही, की समाजाचा व्यवहारही ते याच रीतीने चालवितात. सभागृहाचे छप्पर दुरुस्त करावयाचे असो की कोणाला साहाय्य करावयाचे असो, त्यांच्या सभेत मतदान होत नाही. सभेचा एक चिटणीस असतो. तो प्रश्न मांडतो. मग एकेकजण बोलतो. एकाचे बोलणे संपताच दुसरा उठत नाही. मध्ये थोडा वेळ जाऊ देतात, म्हणजे ऐकलेले मनात मुरते. दुसऱ्याला खोडून काढण्यासाठी कोणी बोलावयाचे नाही; आपल्याला जे खरे वाटते ते सांगावयाचे. चिटणीस लक्षपूर्वक ऐकत असतो. सभेचे मन कोणत्या दिशेने वळले आहे हे त्याला जाणवले, की तो दोन-चार वाक्यांत निर्णयाची नोंद लिहितो आणि तेथल्या तेथे वाचून दाखवितो. सभेने ती मान्य केली, तरच तो निर्णय झाला. कोणाच्या मनाला ती टोचत असेल, तर पुन्हा विचार सुरू होतो, किंवा तो प्रश्न पुढच्या सभेपर्यंत तसाच ठेवला जातो.

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. एकमत म्हणजे सर्वांची आवड एकच असणे, असे नव्हे. चाळीस जणांची आवड एक असणे कठीणच. "मला याहून दुसरे काही अधिक आवडले असते, परंतु हे सर्वांच्या हिताचे आहे, म्हणून मी ते मान्य करतो," असे प्रत्येकाला प्रामाणिकपणे म्हणता येणे, याचे नाव एकमत. एखाद्याला तेवढेही म्हणवत नसेल, तर तो आपली नाराजी स्पष्ट सांगून बाजूला राहू शकतो. मग इतरांची वाट तो अडवीत नाही, आणि इतरही त्याला गप्प बसवीत नाहीत.

हे सारे वयस्क माणसांना साधेल. मुलांना कसे साधणार, असे तुम्ही म्हणाल. या शंकेचे उत्तर हॉलंडमधील एका शाळेने दिले आहे. केस बूके (१८८४–१९६६) हे तेथील एक शिक्षक. ते आणि त्यांची इंग्रज पत्नी बेटी दोघेही क्वेकर विचारांची होती. त्यांनी १९२६ साली बिल्टहोवन या गावी एक शाळा काढली आणि तिला 'कार्यशाळा' या अर्थाचे नाव दिले. तेथे मुलांना 'कामकरी' म्हणत आणि शिक्षकांना 'सहकारी'. शाळेची झाडलोटही मुलेच करीत. पुढे या शाळेत मुले आणि मोठी माणसे मिळून सुमारे चारशे जण झाले. शाळेतील जीवनाचे नियम सर्वांनी एकत्र बसून, बोलून ठरवावयाचे, असा तेथील परिपाठ होता. हॉलंडच्या राजकन्याही याच शाळेत शिकल्या. दुसऱ्या महायुद्धात बूके पतिपत्नींनी ज्यू मुलांना आपल्या आश्रयाला घेतले. ही गोष्ट प्राणावर बेतणारी होती.

बूके यांनी आपल्या पद्धतीची तीन सूत्रे १९४५ साली एका निबंधात मांडली. पहिले, सर्वांच्या हिताचा विचार झाला पाहिजे आणि प्रत्येकाने समूहाच्या हितापुढे स्वतःचे हित मागे घेतले पाहिजे. दुसरे, सर्वांना मान्य होईल असाच मार्ग शोधावयाचा. तो सापडेपर्यंत नवे पाऊल टाकावयाचे नाही. तिसरे, एकदा एकमताने ठरले, की त्याप्रमाणे सर्वांनी वागावयाचे. मुलांनो, ही सूत्रे ऐकावयास सोपी आहेत. आचरणात आणू जाल, तर पहिलेच सूत्र किती कठीण आहे हे तुमच्या ध्यानात येईल.

दुसऱ्या वर्षी सहलीचा प्रश्न आला, तेव्हा मी सातवीच्या वर्गाला या पद्धतीची माहिती दिली. मुलांनी बाके भिंतीला लावली आणि सर्वजण गोल करून बसली. मीही त्यांच्यांतच बसलो. एक मुलगी चिटणीस झाली. आरंभी दोन मिनिटे शांत बसावयाचे, दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडावयाचे नाही, आणि ज्यांना बोलावयाचे आहे त्या सर्वांचे बोलून होईपर्यंत कोणी दुसऱ्यांदा बोलावयाचे नाही, असे तीन नियम ठरले. पहिल्या दिवशी त्या दोन मिनिटांत मुलांना हसूच आवरेना. मग समुद्राच्या बाजूच्या मुलांनी लांबलचक भाषणे केली आणि तास संपला.

दुसऱ्या दिवशी सात-आठ जण बोलून झाल्यावर थोडी शांतता पसरली. वर्गात एरवी तोंडही न उघडणारी एक मुलगी तेव्हा म्हणाली, "सहलीला किती पैसे लागतील, ते आधी ठरवा. माझ्या घरून फार पैसे मिळणार नाहीत. पण मला सहलीला यायचे आहे." पुन्हा शांतता झाली. मग मागच्या बाजूने एक मुलगा म्हणाला, "माझेही तसेच आहे." आणखी एकाने मान हलविली. त्या क्षणापासून बोलण्याचा ओघच बदलला. 'कोठे जावयाचे' हा प्रश्न मागे पडला आणि 'सर्वांनी कसे जावयाचे' हा प्रश्न पुढे आला.

तिसऱ्या दिवशी निर्णय झाला. दोन कोसांवर दोन नद्यांचा संगम आहे, तेथे पायी जावयाचे. भाकरी घरून आणावयाची आणि पिठले तेथेच शिजवावयाचे. समुद्राचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता असलेला मुलगा म्हणाला, "मला अजूनही समुद्रच आवडला असता. पण सगळे येणार असतील, तर माझी हरकत नाही." चिटणीस मुलीने तेही वहीत लिहून घेतले. सहलीच्या दिवशी तापाने अंथरुणाला खिळलेला एक मुलगा सोडला, तर सारा वर्ग हजर होता. आणि चूल पेटविण्यात तो समुद्रवाला मुलगाच सर्वांच्या पुढे होता.

आदल्या वर्षीही वर्गात असे अबोल विद्यार्थी होतेच. फरक इतकाच, की तेव्हा आम्ही त्यांना बोलावयास जागा दिली नव्हती. हात वर करण्यास एक क्षण पुरतो; मनातली अडचण चारचौघांत सांगण्यास धीर लागतो, आणि धीर गोळा करावयास शांतता लागते.

परंतु एखाद्या पद्धतीचे गुण सांगावयाचे आणि दोष झाकावयाचे, हा प्रामाणिकपणा नव्हे. या पद्धतीचा पहिला दोष उघडच आहे. तिला वेळ फार लागतो. आमच्या सहलीसाठी तीन तास गेले. पण कधी कधी वेळाची किंमत तासांत मोजता येत नाही.

अमेरिकेत क्वेकरांची मोठी वसाहत होती, आणि त्यांच्यांतील पुष्कळजण गुलाम बाळगीत. १६८८ साली फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाऊन या गावातील चौघांनी, माणसांची खरेदी-विक्री हा अन्याय आहे, असे निवेदन सभेपुढे ठेवले. एका सभेने ते दुसरीकडे पाठविले, दुसरीने तिसरीकडे, आणि शेवटी त्यावर काहीच निर्णय झाला नाही. पुढे जॉन वूलमन (१७२०–१७७२) नावाचा एक क्वेकर पुढे आला. तरुणपणी तो एका दुकानात नोकरीस असताना, मालकाने त्याला एका गुलाम स्त्रीचे विक्रीखत लिहावयास सांगितले. त्याने ते लिहून दिले खरे; पण त्याचे मन त्याला खाऊ लागले. पुढे शिवणकाम करून पोट भरीत तो गावोगाव हिंडला. गुलाम बाळगणाऱ्या आपल्याच बांधवांच्या घरी जाऊन तो शांतपणे त्यांच्याशी बोले. त्यांच्या घरी गुलामांनी त्याची सेवा केली, तर तिचा मोबदला तो त्यांना देई. १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने, गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना भेटून समजाविण्याचे ठरविले. आणि १७७६ साली, कोणत्याही सभासदाने गुलाम बाळगता कामा नये, असा निर्णय झाला. तो पाहावयास वूलमन जिवंत नव्हता.

१६८८ ते १७७६, म्हणजे ८८ वर्षे! मुलांनो, येथे क्षणभर थांबा. एकमताची वाट पाहत सभा बसल्या होत्या, तेव्हा गुलामांच्या किती पिढ्या राबत होत्या, याचा विचार करा. ज्यांच्या पायांत बेड्या होत्या, त्यांना त्या सभेत जागाच नव्हती. मालक मालकांशी शांतपणे बोलत होते. या दिरंगाईचे समर्थन मला करता येत नाही, आणि करावेसेही वाटत नाही. सर्वांच्या संमतीने चालणाऱ्या सभेने प्रथम हे पाहिले पाहिजे, की ज्यांना प्रश्नाची झळ लागते, ते सर्व सभेत आहेत ना? ते नसतील, तर तेथील एकमत अपुरे आहे. ते एकमत नसून काही जणांची सोय आहे.

या इतिहासाला दुसरीही बाजू आहे. हात मोजून प्रश्न मिटविला असता, तर १६८८ सालच्या त्या चौघांचा पराभव होऊन तो विषय कदाचित कायमचा संपला असता. तेथे तो प्रश्न पुनःपुन्हा सभेपुढे येत राहिला. वूलमनसारख्या माणसांची टोचणी समाजाला ऐकावी लागली. थोड्यांचेही म्हणणे खरे असू शकते, हे ज्या रीतीत गृहीत धरलेले असते, तिच्यात सत्याला उशीर होईल. पण त्याचे दार बंद होत नाही.

दुसरा दोष हट्टाचा. एका वर्षी वर्गाच्या भित्तिपत्रकाला नाव देण्यासाठी आम्ही तीन वेळा बसलो. एका मुलाने स्वतः सुचविलेले नाव काही केल्या सोडले नाही. बूके यांच्या दुसऱ्या सूत्राप्रमाणे आम्ही थांबलो, आणि महिनाभर ते भित्तिपत्रक बिननावाचेच भिंतीवर लागले! अडून बसणे वूलमनचेही होते आणि या मुलाचेही. मग दोहोंत अंतर कोणते? वूलमन दुसऱ्यांसाठी अडला होता. हा मुलगा स्वतःच्या मोठेपणासाठी. म्हणून 'नाही' म्हणण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे, "मी सर्वांसाठी नाही म्हणतो आहे, की केवळ माझ्यासाठी?" या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

सहलीपुरती ही रीत ठीक आहे. पोटापाण्याच्या व्यवहारात ती टिकणार नाही, असे कोणी म्हणेल. त्यांनी आपल्याच महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्याकडे पाहावे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड लोकांचे लहानसे गाव. क्वेकरांशी त्याचा काही संबंध नाही. परंतु तेथील ग्रामसभाही बहुमताने निर्णय घेत नाही. सर्वांच्या सहमतीने घेते. प्रश्न नीट समजावा म्हणून गावकरी अभ्यासगटात बसून आधी त्याची चर्चा करतात. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल म्हणजे तेथील लोकांचे जीवनच; आणि त्याची व्यवस्था हे गाव सहमतीने पाहत आले आहे.

याचा अर्थ मतदान वाईट, असा मात्र मुळीच नव्हे. कोट्यवधी लोकांच्या देशाला गोल करून बसता येत नाही. तेथे निवडणूक हीच न्यायाची वाट. शिवाय गुप्त मतदानात दुबळ्या माणसालाही कोणाच्या धाकावाचून आपले मत देता येते. ही लहान गोष्ट नव्हे. आग लागली असता पाणी कोणी आणावे, यावरही सभा भरवावयाची नसते. परंतु तुमचा वर्ग म्हणजे काही देश नव्हे. चाळीस-पन्नास मुले वर्षभर एकाच छपराखाली बसतात, एकमेकांचा डबा खातात, एकमेकांची सुखदुःखे जाणतात. तेथे जिंकलेले आणि हरलेले असे दोन तट कशाला हवेत? तेथे ऐकून घेण्याइतका वेळही आहे आणि जवळीकही आहे.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. पुढच्या वेळी वर्गापुढे एखादा प्रश्न येईल, मग तो स्नेहसंमेलनातील नाटकाचा असो, खेळाच्या साहित्याच्या वाटणीचा असो, की पाण्याच्या घागरी भरण्याच्या पाळीचा असो, तेव्हा हात वर करण्याची घाई करू नका. आपल्या शिक्षकांची अनुमती घेऊन गोल करून बसा. दोन मिनिटे शांत राहा. हसू आले तर येऊ द्या, ते आपोआप थांबेल. मग एकेकाने बोला. जो रोज बोलतो त्याने थोडे थांबावे, आणि जो कधीच बोलत नाही त्याच्याकडे सर्वांनी आशेने पाहावे. जो त्या दिवशी आलेला नाही, त्याचे काय म्हणणे असेल, याचाही विचार व्हावा. एवढे करूनही एकमत झाले नाही, तर खुशाल हात मोजा. निदान मोजण्यापूर्वी ऐकल्याचे समाधान तुम्हांला लाभेल.

मी सेवानिवृत्त होऊन आता काही वर्षे झाली. त्या शाळेत पारितोषिके मिळविणारी कितीतरी मुले मी पाहिली. त्यांतील अनेकांची नावे आता आठवत नाहीत. परंतु "असे कोणी विचारलेच नाही," असे म्हणणारा तो खाली मान घातलेला मुलगा मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुमच्या वर्गातही तो बसलेला असेल. त्याला विचारा.